वाळूखालचा अकिलीस

१

बाबा खड्ड्यात पडले होते. आयासच्या संगमरवरी ढालीच्या कडेवर त्यांचं डोकं टेकलं होतं, डोळे उघडे होते आणि ढालीवरून एक काळपट ओघळ वाळूत जिरला होता.

मी ओरडले नाही. माझ्या शेजारी याकोव्हिस मिस्त्री उभा होता. त्याच्याच तोंडून असा काही आवाज निघाला की, मागून येणारा लंगडा स्टामातिस दालनाच्या दारातच थबकला.

"खाली उतरू नकोस, पोरी," मिस्त्री म्हणाला. "मी बघतो."

पण मी उतरले. शिडीचे आठ दांडे. बाबांचा हात हातात घेतला, तो अजून कोमट होता.

पाऊण तासापूर्वी ते जिवंत होते. सकाळभर आम्ही पाच जणांनी मिळून दोरखंड आणि कप्पीच्या जोरावर आयासला त्या खड्ड्यात उतरवलं होतं. मेलेल्या मित्राला, अकिलीसला, खांद्यावर टाकून ट्रॉयच्या रणातून चालत निघालेला आयास. तीस वर्षांपूर्वी बाबांना आणि मिस्त्रीला तो एका द्राक्षमळ्यात सापडला. आमच्या आग्रिओपेत्रा बेटाचं छोटंसं संग्रहालय त्याच्यासाठीच उभं राहिलं. आता जर्मन अथेन्समध्ये शिरले होते. आज ना उद्या त्यांची बोट आमच्या बंदराला लागणार होती, म्हणून बाबांनी एकेक मूर्ती जमिनीखाली पुरायला घेतली होती. शेवटी राहिला आयास. त्याच्यासाठी दालनाच्याच फरश्या उचलल्या.

अकिलीसचं डोकं वेगळं होतं. मूळचं तुटलेलं ते मिस्त्रीने सळई घालून बसवलं होतं. उतरवताना त्याला धक्का लागू नये म्हणून आदल्या दिवशी काढून ठेवलं होतं. ते वरच होतं, तेवढ्यात धोक्याची घंटा झाली. विमानं आली की सगळ्यांनी चर्चखालच्या तळघरात पळायचं.

"बाबा, चला!"

"तुम्ही व्हा पुढे. एवढं डोकं खाली ठेवतो आणि आलोच." उंबऱ्यात उभं राहून त्यांनी आम्हाला हाकललं, गळ्यातल्या राखाडी मफलरचं टोक हलवत, शेतातल्या चिमण्या हाकलाव्यात तसं. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

आता त्यांचा गळा उघडा होता. आणि कोटाचा आतला खिसा रिकामा.

"वही," मी म्हणाले. "बाबांची वही नाही."



त्या मेणकापडी वहीत मूर्ती पुरलेल्या सात जागा लिहिलेल्या होत्या. ही एक आम्हाला ठाऊक होती. बाकीच्या सहा फक्त बाबांना आणि त्या वहीला.

२

सार्जंट आला, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "पाय घसरला." त्याची गाठोडी बांधून तयार होती. त्याला वेळ नव्हता.

बाबांना घरी आणलं. कालिरोई आत्या त्यांची थोरली बहीण. चाळीस वर्षं बेटावरची सुईण. निम्म्या गावाने पहिला श्वास तिच्या हातावर घेतलेला. रिवाजाप्रमाणे भावाचं अंग वाइनने तिनेच पुसलं. ती रडत नव्हती. बाबांची बोटं एकेक करून उलगडत होती.

"लेमोनिया, इकडे ये. नखं बघ."

"स्वच्छ आहेत."

"खड्ड्यात अकिलीसचं डोकं दिसलं तुला?"

मी आठवून पाहिलं. "नाही. सगळी वाळूच होती. सपाट."

"म्हणजे डोकं खाली ठेवून त्यावर वाळू लोटलेली होती. समुद्राची ओली वाळू. ती लोटणाऱ्याच्या नखांत राहिल्याशिवाय राहत नाही. आणि फावडं?"

"वर. भिंतीला टेकवलेलं."

आत्याने बाबांचा हात छातीवर ठेवला. "माझा भाऊ मेल्यावर फावडं ठेवायला वर चढला का?"

मला एकदम थंडी भरली. खिडकीबाहेर लख्ख दुपार होती, ईस्टरला जेमतेम आठवडा झाला होता, परातीत लाल अंडी उरली होती.

"आत्या, म्हणजे—"

"हळू बोल. खड्डा कोणाकोणाला माहीत?"

"मी, स्टामातिस, फोकास मास्तर, मिस्त्री."

"मग तो तुमच्यातलाच," ती म्हणाली. "आणि थोड्या वेळाने तो इथे कॉफी प्यायला येणार, तुझ्या डोक्यावरून हात फिरवणार. तू चेहरा बदलायचा नाहीस. वही अजून त्याच्याकडे आहे. त्याला कळलं की आपल्याला कळलंय, तर दुसरा अपघात व्हायला कितीसा वेळ लागतो?"

दारावर थाप पडली.

३

फोकास मास्तर होते. शाळेत लॅटिन शिकवायचे, तरुणपणी म्युनिकला शिकलेले. बेटावर जर्मन येणारा एकटा माणूस. गेल्या महिन्याभरात गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं होतं. त्यांना दमा होता. जिना चढून आले तर पाच मिनिटं नुसतेच खोकत राहिले.

आत्याने साखर नसलेली कॉफी पुढे ठेवली. "मास्तर, बोटं काळी कशाने झाली?"

त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

"काय जाळलंत?"

"पत्रं." त्यांचा आवाज फाटला. "तिथे एक मुलगी होती. पंचवीस वर्षांपूर्वीची पत्रं, बाई. आपल्या लोकांच्या हाती पडली तर मला झाडाला टांगतील. आणि ते आले की मला दुभाष्या म्हणून फरफटत नेतील. मी कुणीकडून वाचणार, सांगा?"

"लाम्ब्रोसची वही तर नाही ना जाळली?"

मास्तर उभे राहिले. त्यांचे ओठ निळसर पडले होते. "मी भित्रा आहे, कालिरोईबाई. अख्ख्या गावाला माहीत आहे. पण लाम्ब्रोस हा एकच माणूस माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला यायचा."

ते गेले. जिन्यावरून बराच वेळ खोकला ऐकू येत होता.

मग आला स्टामातिस, संग्रहालयाचा रखवालदार. आशिया मायनरच्या लढाईत गुडघा गमावलेला. आला तोच छातीवर क्रॉसची खूण करत.

"काल लाम्ब्रोसशी कशावरून वाजलं तुझं?" आत्याने विचारलं.

"त्या डोक्यावरून! मी म्हटलं, साहेब, मेलेल्या माणसाचं मुंडकं तोडून वेगळं पुरायचं म्हणजे चांगलं लक्षण नाही. हसले माझ्यावर. आता बघा! मी त्या दालनात परत पाऊल टाकणार नाही, बाई. चाव्या घ्या."

"तळघरात कुठे होतास?"

"हिलाच विचारा. घंटा झाल्यापासून हिच्या खांद्यावर टेकून होतो. पोरीचा खांदा दुखत असेल अजून."

खरं होतं. खांदा दुखत होता.

शेवटी आला याकोव्हिस मिस्त्री, हातात टोपी, पापण्या सुजलेल्या. माझा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्यानेच मला तेलाचा हात लावला होता, आणि मी सहा वर्षांची असताना संगमरवराच्या कपच्यांतून एक गाढव कोरून दिलं होतं. त्याचा एकुलता मुलगा फ्रागिस सरहद्दीवरच्या किल्ल्यात लढत होता. किल्ला पडला, त्यानंतर त्याची खबर नव्हती. आमच्या दुःखात तो आपलं बाजूला ठेवून आला होता.

त्याने खरोखरच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी चेहरा बदलला नाही.

"तू कुठे होतास रे?" आत्याने विचारलं.

"तळघरात. सगळ्यांच्या पुढे पळालो, ताई. लाज वाटते सांगायला. पिंपांच्या मागे जाऊन बसलो, अगदी कोपऱ्यात." तो हुंदके देऊ लागला. "एक हाक मारली असती तर आला असता बरोबर. असला माणूस! गळ्यातला मफलर काढून दगडाच्या डोक्याला गुंडाळला. लेकराला गुंडाळावं तसा. अशा माणसाला असं मरण यावं?"

आत्याने त्याच्यापुढे बशी सरकवली. "खा काहीतरी. फ्रागिसचं काही कळलं?"

"होडीवाल्यांकडून ऐकलं. जर्मनीला नेताहेत म्हणे. खाणीत." त्याने मान खाली घातली. "काहींना गोळ्या घातल्या म्हणे."

तो गेल्यावर आत्या बराच वेळ त्याच्या न खाल्लेल्या पावाकडे बघत राहिली.

४

"मफलर शेवटचा कधी पाहिलास?"

"घंटा झाली तेव्हा. उंबऱ्यात. बाबा तो हलवत होते."

"तेव्हा याकोव्हिस?"

"मिस्त्री पुढे निघून गेला होता. कोपऱ्यावर."

"आणि परत आलात तेव्हा?"

"गळा उघडा होता. मला वाटलं, वही नेणाऱ्यानेच..."

आत्या उठली. "फावडं पाहिजे."

स्टामातिसच्या चाव्यांनी दालन उघडलं. संध्याकाळची उन्हं अजून फरशीवर होती. रिकाम्या चौथऱ्यांच्या सावल्या पाहून मला पळून जावंसं वाटलं. मी शिडीने उतरले. ढालीवरचा डाग कोणीतरी पुसायचा प्रयत्न केला होता, पण संगमरवराने तो सोडला नव्हता. आयासच्या पायाशी वाळू इतकी गुळगुळीत होती की वरून थापी फिरवल्यासारखी दिसत होती.

मी हातांनीच वाळू उकरली. वीतभर खाली लोकर लागली. राखाडी लोकर. आत अकिलीसचं थंड कपाळ.

"आहे?" वरून आत्या.

"आहे."

मी वर आले. आत्याने मला चौथऱ्यावर बसवलं.

"घंटेच्या वेळी मफलर गळ्यात," ती बोटांवर मोजत म्हणाली. "तुम्ही परत आलात तेव्हा तो वाळूखाली. म्हणजे तो गुंडाळताना ज्याने पाहिलं, तो मधल्या वेळात इथे होता. आता आठव, तळघरात काय काय झालं? अगदी बारीकसारीक."

मी डोळे मिटले. आयिया मारिनाच्या चर्चखालचं ते तळघर. बायकांची प्रार्थना, विमानांची घरघर, खांद्यावर स्टामातिसचा भार. मास्तरांचा खोकला पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू. कोणीतरी ओरडलं, 'अहो, आज दिवा का नाही?' लहान मुलं अंधारात रडत होती...

"दिवा!" मी म्हणाले.

"काय दिव्याचं?"

"दर वेळी मिस्त्रीच लावतो. काड्यांची पेटी त्याच्याकडेच असते. पण काल— नाही, आजच की— दिवा लागला तेव्हा विमानं लांब गेली होती. त्याच्या तोंडावर घाम होता. म्हणाला, काड्या दमट झाल्यात."

"सगळ्यांच्या पुढे पळालेला माणूस दिवा लावायला सगळ्यांत मागे," आत्या म्हणाली. "आणि मला आधीपासून जे सलत होतं ते हेच. खून करून वही घेतली, तर पळायचं ना? हा थांबला. डोक्यावर वाळू लोटली, सपाट केली, फावडं पुसून जागेवर ठेवलं. स्टामातिस त्या डोक्याला शिवायलाही घाबरतो. मास्तर दोन फावडी वाळू ओढतील तर तिथेच कोसळतील. उघड्यावर पडलेला संगमरवर ज्याला बघवत नाही असा आपल्याकडे एकच आहे."

मी हाताने केस झटकले. माझ्या डोक्यावरून फिरलेला तो हात.

"सार्जंटला—"

"सार्जंट दुपारच्या होडीने गेला."

आता बेटावर आम्ही दोघी होतो आणि तो होता.

५

सकाळी बाबांना पुरलं. याकोव्हिसने खांदा दिला. स्मशानातून परतताना कोणीतरी समुद्राकडे बोट केलं. राखाडी रंगाची बोट बंदराच्या तोंडाशी होती.

गाव पांगलं. दारं धडाधड लागली. आत्या मात्र सरळ मिस्त्रीच्या कारखान्यात शिरली, आणि मी तिच्या मागे, कारण एकटी राहायला मला त्याहून जास्त भीती वाटत होती.

तो कोट घालत होता. बाकावर हातोडा पडलेला होता.

"वही दे, याकोव्हिस."

त्याने विचारलं नाही, कोणती वही. हातोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीला चिकटले.

"मी मारलं नाही त्याला," तो म्हणाला. "पाया पडायला गेलो होतो. म्हटलं, लाम्ब्रोस, एक आयास देऊ त्यांना, त्याच्या बदल्यात माझा पोरगा मागू. तो मफलर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, 'याकोव्हिस, हा आपला नाही द्यायला.' आपला नाही! तीस वर्षं मी त्याला पुसला, सांधला! मी वही ओढली, त्याने धरून ठेवली, मी ढकललं." तो हातांकडे बघू लागला. "एवढंच. एकदाच ढकललं."

"फ्रागिसला मी बाहेर ओढलाय, पायाळू होता," आत्या म्हणाली. "तो परत आल्यावर त्याला काय सांगशील? कशाच्या बदल्यात सोडवला?"

"जिवंत आला तर काहीही सांगेन!" तो किंचाळला आणि आम्हाला ढकलून बाहेर पडला. कोटावरून छाती दाबून धरलेली. वही तिथेच होती.

आम्ही संग्रहालयात पोचलो तेव्हा जर्मन तिथे आले होते. एक अधिकारी, चार शिपाई. फोकास मास्तरांना घरातून उचलून आणलेलं, पायात सपाता तशाच. अधिकारी रिकाम्या चौथऱ्यांपुढून सावकाश चालत होता. मुख्य चौथऱ्यापाशी थांबला. त्याचे बूट आदल्या रात्री खड्डा बुजवून मी आणि आत्याने परत बसवलेल्या फरश्यांवर होते. त्यांच्या फटींतला चुना अजून ओला होता आणि त्यावर आम्ही धूळ टाकली होती.

त्याने काहीतरी विचारलं.

"मूर्ती कुठे आहेत, विचारताहेत," मास्तर पुटपुटले.

याकोव्हिस पुढे झाला.

"त्याला सांगा मास्तर, माझा मुलगा त्यांच्या कैदेत आहे. किल्ल्यातला. सांगा, मला सगळ्या जागा माहीत आहेत. मुलगा द्या, जागा घ्या." त्याचा हात कोटात शिरला.

आत्याने त्याचं मनगट पकडलं. चाळीस वर्षं अडलेल्या बाळंतिणींना सावरलेला हात होता तो. वही बाहेर आली नाही.

मास्तर खोकू लागले. इतके की, शिपायानेही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते जर्मनमध्ये बोलले, बरंच, अडखळत. मला त्यातला एकच शब्द कळला, 'पिरेयस'. आमचं ठरलेलं खोटं तेच होतं. मूर्ती अथेन्सच्या पिरेयस बंदराला पाठवल्या, जहाज वाटेत बुडालं.

अधिकाऱ्याने याकोव्हिसकडे निरखून पाहिलं. काही विचारलं. मास्तरांनी उत्तर दिलं. अधिकारी खांदे उडवून दोन वाक्यं बोलला, हातमोजे चढवले आणि निघून गेला. बुटांचा आवाज पायऱ्यांवरून उतरत नाहीसा झाला.

"काय म्हणाला?" याकोव्हिसने मास्तरांची कॉलर धरली. "देणार का पोरगा? बोला!"

मास्तर जमिनीवर बसले. "मी सांगितलं, मूर्ती बुडाल्या. हा म्हातारा मिस्त्री, मुलगा किल्ल्यात होता, त्याच्या काळजीने बरळतोय." त्यांना श्वास पुरत नव्हता. "तो म्हणाला, किल्ल्यातल्या सगळ्यांना सोडलंय. चालत घरी निघालेत."

"खोटं!"

"मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, मिस्त्री. आत्ताच. ते जर्मनमध्ये होतं."

याकोव्हिसच्या हातातली ताकद गेली. आत्याने त्याच्या कोटातून वही काढून माझ्याकडे दिली. त्याने अडवलं नाही.

६

फ्रागिस जूनमध्ये आला. उत्तरेकडून अर्धा देश चालत, मग होडीने. दाढी वाढलेली, तळवे फुटलेले. गाव त्याला बघायला बंदरावर जमलं. याकोव्हिस मात्र घराच्या पायरीवरून उठलाच नाही. मुलगा समोर उभा राहिला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. "मी कबूल करतो. कुणाकडे जाऊ सांग, ताई."

"कुणाकडेही नाही," आत्या म्हणाली. "तू कबूल केलंस की विचारतील, कुठे ढकललंस. कुठल्या खड्ड्यात. फरश्या उचलतील. ज्याच्यासाठी माझा भाऊ मेला ते तू एकदा विकायला निघालास. पुन्हा नाही. गप्प बसायचं. रोज संग्रहालयात यायचं आणि हिच्या समोर बसायचं."

साडेतीन वर्षं तो आला. मीही गेले, कारण मी गेले नसते तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. रोज सकाळी मी त्याला 'कालिमेरा', शुभ सकाळ, म्हणायची. भुकेच्या हिवाळ्यात मास्तर गेले. त्यांची शवपेटी याकोव्हिसने दालनाच्या दारांच्या फळ्या काढून बनवली. आमच्या उंबऱ्यावर कधीकधी जवाच्या पिठाची पुरचुंडी असायची. आत्या ती उचलायची. मी खायची. कोणी ठेवली हे आम्ही कधी बोललो नाही.

चव्वेचाळीसच्या शरदात जर्मन गेले. आम्ही फरश्या उचलल्या. कप्पीचा दोर याकोव्हिसने ओढला, बरोबर फ्रागिस. आयास वर आला, खांद्यावर आपलं ओझं घेऊन, कानात वाळू भरलेली. याकोव्हिसने शिडीवर चढून अकिलीसचं डोकं सळईवर बसवलं, प्लॅस्टर भरलं, बोटाने सांधा पुसला. मग खाली उतरला, हात धुतले आणि कोपऱ्यातलं एक गाठोडं उचललं. बदलायचे कपडे होते त्यात.

"चौकीवर नवा सार्जंट आलाय ना?" त्याने आत्याला विचारलं.

तिने मान डोलावली.

फ्रागिसला काहीच कळेना. बापाने दारात उभं राहून त्याला ते सांगितलं, तीनचार वाक्यांत. मी पाठमोरी होते. मला फक्त ऐकू येत होतं.

मग फ्रागिस माझ्याजवळ आला. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू यायच्या आधीपासून."

तो नंतर बाहेर गेला, बापाच्या हातातलं गाठोडं घेतलं, आणि दोघं बंदराच्या रस्त्याने उतरू लागले. आत्या खिडकीशी गेली, मला म्हणाली, "ये, बघ." पण मला जाता आलं नाही. प्लॅस्टर घट्ट व्हायला वेळ लागतो, तोवर कोणालातरी डोकं धरून ठेवावं लागतं. मी शिडीवर उभी होते, दोन्ही तळव्यांत अकिलीसचे गाल धरून, आणि मोठमोठ्याने आकडे मोजत होते.